रतनवाडीला जाताय? आधी मोसम ठरवा

भंडारदऱ्याची सहल बहुतेक जण एका दिवसात उरकतात. धरणाजवळच्या शेंडी गावाहून गाडीने जलाशयाला वळसा घालायचा, रतनवाडीत अमृतेश्वराच्या मंदिराला वीस मिनिटं आणि संध्याकाळी घोटीच्या रस्त्याला कोंडी. त्यापेक्षा रतनवाडीतच दोन रात्री मुक्काम करा. रतनगड, सांदण दरी आणि घाटघर तिथून जवळ पडतात. मात्र ही सगळी ठिकाणं एकाच मोसमात जमत नाहीत, आणि बहुतेकांचा बेत फसतो तो इथेच.

मे अखेर ते पाऊस जोर धरेपर्यंत काजवे दिसतात. जुलै-ऑगस्ट धबधब्यांचे. सप्टेंबर अखेरीला गडावर सोनकी फुलते, तर सांदण उतरायची ती डिसेंबरनंतर. पावसाळ्यात सांदणमध्ये पाऊल टाकू नका. दोन्ही बाजूंना उभे कातळ असलेली ती चिंचोळी घळ आहे. वर कुठेतरी सर कोसळली की पाणी थेट आत येतं आणि बाजूला चढायला जागाच नसते. मे-जूनमध्ये वळवाचा पाऊस असेल तरीही हेच लागू.

मुंबईहून रेल्वेने इगतपुरी गाठा, तिथून घोटी-बारीमार्गे शेंडी. घोटी ते शेंडी पस्तीसेक किलोमीटर, पुढे मुतखेल-कोलटेंभेवरून रतनवाडी आणखी वीसेक. पुण्याकडून येणाऱ्यांनी संगमनेर-अकोले-राजूर असं यावं. एसटी शेंडीपर्यंत सोयीची, त्यापुढे जीप ठरवावी लागते. अंधार पडल्यावर ती मिळेलच असं नाही, म्हणून दुपारी चारपर्यंत शेंडीत पोहोचा. पेट्रोल घोटीत किंवा अकोल्यात भरा. रोख पैसे, तेही सुट्टे, जवळ ठेवा; रेंज गेली की मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. नाक्यावर प्रवेशशुल्काची पावती घ्या आणि परत येईपर्यंत सांभाळा.

मुक्काम घरगुती असतो: अंगण, ओसरी किंवा तंबू. जेवणाची माणसं निघायच्या आदल्या दिवशीच फोनवर सांगा. स्वयंपाक चुलीवर होतो, ऐन वेळी दहा जण उभे राहिले तर घरच्या बाईची धांदल उडते आणि तुमचं जेवण रात्री अकराला पानात पडतं. तांदळाची किंवा नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, वरण-भात एवढंच मागा. पनीर मागितलंत तर ते राजूरहून आणावं लागेल. जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी चालू असते, तेव्हा घरची सगळी माणसं दिवसभर खाचरात असतात. गाडी बांधाला लावू नका, आणि चिखलात वाकलेल्या बायकांचे फोटो न विचारता काढू नका. मावशी, दादा म्हणून विचारलंत तर बहुधा कोणी नाही म्हणत नाही.

अमृतेश्वर सकाळी लवकर, गाड्या यायच्या आत पाहा. हे शिलाहारांच्या काळातलं मंदिर झंझ राजाने बांधलं असं मानतात. बाहेरचं कोरीव काम तिरप्या उन्हात उठून दिसतं. भर पावसात गाभाऱ्यात पाणी भरतं, तेव्हा पिंडी दिसेलच असं नाही. जवळच्या पुष्करणीच्या कोनाड्यांत मूर्ती आहेत. ती पोहायची टाकी नव्हे.

रतनगड 1297 मीटर उंच आहे. चढायला तीन तास धरा, प्रत्येकी तीन लिटर पाणी घ्या. वाट सुरुवातीला प्रवरेचं पात्र ओलांडत जाते. मग दाट रान लागतं आणि रानातच फाटा येतो: सरळ वाट कात्राबाईच्या खिंडीकडे, म्हणजे हरिश्चंद्रगडाकडे जाते, रतनगडाची उजवीकडे वळते. चुकायचं ठिकाण हेच. पुढे लोखंडी शिड्या आहेत. शनिवार-रविवारी तिथे रांग लागते, त्यामुळे सहाला गाव सोडा. एका शिडीवर एका वेळी एकच माणूस, पाठीवरची सॅक घट्ट बांधलेली, काठी सॅकला अडकवलेली. माथ्यावर नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक आहे. त्यातून वारा इतका रोरावतो की टोपी हातात धरलेली बरी. हवा स्वच्छ असेल तर अलंग-मदन-कुलंग हे तीन गड आणि कळसूबाईचं शिखर दिसतं. गडावर माकडं आहेत, खाऊ पिशवीबाहेर काढून ठेवू नका.

पाय भक्कम असतील तर आल्या वाटेने उतरू नका. त्र्यंबक दरवाजातून खुट्टा नावाच्या सुळक्याच्या बाजूने सांदणजवळच्या साम्रद गावाला उतरा. पायऱ्या उंच आणि खड्या आहेत, पावसाळ्यात हा मार्ग टाळाच. साम्रदला जीप आधी सांगून ठेवा. सांदणसाठी वेगळा अर्धा दिवस राखा. गावातला वाटाड्या घ्या. सुरुवातीला पाण्याचे डोह लागतात, ते गुडघाभर आहेत की छातीभर हे त्याला ठाऊक असतं. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत, पायात पकडीचे बूट. घळीच्या टोकाशी कडा येतो. खाली कोकणात उतरायला दोर आणि जाणकार माणसं लागतात. बाकीच्यांनी तिथूनच मागे फिरावं.

काजव्यांसाठी मात्र कुठे जायची गरज नाही. अंधार पडल्यावर गावाच्या कडेला हिरडा-बेहड्याच्या झाडांखाली बॅटरी विझवून पंधरा मिनिटं उभे राहा. गाडीचे दिवे, फ्लॅश, गाणी बंद: मादी-नर एकमेकांना उजेडानेच शोधतात, तुमच्या प्रकाशात तो इशारा हरवतो. झाड हलवू नका, आणि गवतात पाय टाकताना जपून, माद्या खालीच बसलेल्या असतात.