आयर्विनला किती फूट? पायथनमधली वेळेची खिडकी

पावसाळ्यात आमच्या सांगलीच्या गावभागात फोन उचलला की आधी एकच, "आयर्विनला किती फूट?" म्हणजे आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती. ४० ला इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलेलं. म्हणून स्ट्रीम प्रोसेसिंगच्या (नोंदी येतील तसा लगेच हिशोब करायच्या) सरावाला मी हेच घेतलं, आकडे मात्र मनचे. काफ्का-फ्लिंकसारखी त्यासाठीची मोठी सॉफ्टवेअर बसवत बसू नका, नुसतं पायथन पुरतं.

प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी ठेवा: मोजल्याची वेळ, पोचल्याची वेळ, फूट. मोजल्याच्या वेळेत रँडम उशीर मिळवला की पोचल्याची वेळ झाली. रँडमचा सीड (सुरुवातीचा आकडा) बांधून ठेवा, नाहीतर आज दिसलेली चूक उद्या सापडत नाही. यादी पोचल्याच्या क्रमानं लावा आणि जनरेटरमधून (एकेक नोंद देणारं फंक्शन) एकेक यील्ड करा, म्हणजे बाहेर द्या.

दहा मिनिटांची खिडकी अशी (वेळ युनिक्सची, सेकंदात):

खिडकी = वेळ - वेळ % ६००

(पायथन ३ ला चलांची देवनागरी नावं चालतात, आकडे इंग्रजीच लागतात.) ही खिडकी म्हणजे डिक्शनरीची की (key), आत नोंदींची यादी. १०:१० ची नोंद पुढच्या खिडकीत जाते. तासाची खिडकी करताना ३६०० टाकलंत तर ती साडेदहा ते साडेअकरा निघेल, कारण युनिक्सची वेळ यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळ) आणि आपण साडेपाच तास पुढं. आधी वेळेत १९८०० सेकंद मिळवा, खिडकी काढा, मग ते १९८०० वजा करा. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

मी आधी खिडकी पोचल्याच्या वेळेवर काढली होती. १०:०० ला ३८.२, १०:०३ ला ३८.४, १०:०९ ला ३९.०. शेवटची नोंद पोचली १०:१३ ला, १०:१२ च्या नोंदीच्या मागून. पहिल्या खिडकीची कमाल ३८.४ वरच अडकली! पुरात सरासरीपेक्षा कमालच बघायची असते.

म्हणून मोजल्याची वेळ धरा आणि वॉटरमार्क ठेवा: आतापर्यंतची सगळ्यात पुढची मोजल्याची वेळ, वजा पाच मिनिटं. १०:१२ ची नोंद आली तेव्हा वॉटरमार्क १०:०७, खिडकी उघडीच, त्यामुळं ३९.० आत बसला. १०:१५ ची आली की वॉटरमार्क १०:१०. आता पहिल्या खिडकीचा निकाल छापा आणि तिची की (key) डिक्शनरीतून काढून टाका. त्यानंतर आलेल्या उशिराच्या नोंदी गुपचूप फेकू नका, वेगळ्या मोजा.

नोंदी थांबल्या की वॉटरमार्कही थांबतो आणि शेवटची खिडकी तशीच लटकते. लूप संपल्यावर उरलेल्या खिडक्या हातानं बंद करा.