बॅकअप सॉफ्टवेअर बसवण्याआधी डिरेक्टऱ्यांची तयारी

नाशिकच्या अंबड-सातपूरच्या छोट्या कारखान्यांत बऱ्याचदा लिनक्सचा एकच सर्व्हर अकाउंट्स, ड्रॉइंग्ज आणि स्टोअर असं सगळं सांभाळतो. अशा मशीनवर बॅक्युला हे बॅकअपचं सॉफ्टवेअर बसवायचं असेल तर इन्स्टॉलची कमांड देण्याआधी कागद घ्या आणि पाच जागा लिहा: प्रोग्रॅम, कॉन्फिग, वर्किंग डिरेक्टरी (चालू कामाच्या फाइल्सची जागा), कॅटलॉगचा डेटाबेस (कुठली फाइल कुठल्या बॅकअपमध्ये आहे त्याची नोंद) आणि प्रत्यक्ष बॅकअपचे व्हॉल्यूम (ज्या फाइल्समध्ये डेटा साठतो त्या). प्रत्येकीपुढे डिस्क कोणती, मालक कुठला यूजर, आणि हा सर्व्हरच गेला तर ती कुठून परत आणणार, हेही लिहा. शेवटच्या रकान्यात काही सुचेना झालं, तर तिथे तयारी अजून बाकी आहे.

पॅकेज कुठलं घेणार ते आधीच पक्कं करा. डेबियनचं पॅकेज कॉन्फिग /इटीसी/बॅक्युला मध्ये आणि वर्किंग डिरेक्टरी /व्हार/लिब/बॅक्युला मध्ये ठेवतं. बॅक्युलाचं स्वतःचं पॅकेज सगळं /ऑप्ट/बॅक्युला खाली आणतं. दोन्ही चालतात, पण एकावर दुसरं चढवू नका. मग बीकन्सोल (बॅक्युलाला कमांड देण्याचा प्रोग्रॅम) दोन होतात, तुम्ही एका जागची फाइल सुधारत बसता आणि डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) दुसरीच वाचत असतो. लिनक्सऐवजी जुनं सोलारिस १० असेल तर आणखी एक बघा: स्पार्स रूट झोनमध्ये (मुख्य सिस्टमच्याच फाइल्स वापरणाऱ्या वेगळ्या कप्प्यात) /यूएसआर फक्त वाचता येतं, त्यामुळे तिथे फाइल टाकू पाहणारा इन्स्टॉलर अडतो. नेटबॅकअपसारखं सॉफ्टवेअर /यूएसआर/ओपनव्ही मागतं, तेव्हा त्या नावाची लिंक करून ती मोठ्या डिस्कवर वळवण्याचं काम इन्स्टॉलच्या आधी उरकायचं.

आता /व्हार. लॉग, मेलची रांग आणि पोस्टग्रेस (कॅटलॉगचा डेटाबेस) या सगळ्यांचा मुक्काम बहुतेक वेळा इथेच. त्यात कॅटलॉगच्या बॅकअपचा जॉब रोज डेटाबेसचा अख्खा डंप आधी वर्किंग डिरेक्टरीत उतरवतो. म्हणजे कॅटलॉग जेवढा वाढेल, जवळजवळ तेवढी मोकळी जागा रोज थोडा वेळ तरी लागणार. /व्हार भरलं की डेटाबेस थांबतो आणि त्याच्यासोबत बॅकअपही. /व्हार साठी डिस्कचा वेगळा भाग करा, शक्यतो एलव्हीएमवर (डिस्कचे भाग सांभाळणारी लिनक्सची सोय), म्हणजे वाढवता येतो. मोकळी जागा दाखवणाऱ्या डीएफ -एच बरोबर डीएफ -आय पण चालवा. बारीक फाइल्स फार असल्या तर जागा शिल्लक असून आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंद) संपतात.

सगळ्यात जास्त वेळ बॅकअपच्या व्हॉल्यूमच्या जागेला द्या. समजा दुसरी डिस्क /बॅकअप वर माउंट होते आणि एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) नोफेल लिहिलंय, म्हणजे डिस्क नसली तरी सर्व्हर अडत नाही. वळवाच्या पावसात लाइट गेली, यूपीएस उतरला, सर्व्हर परत उठला, डिस्क मात्र उठली नाही. /बॅकअप नावाची रिकामी डिरेक्टरी रूटवर (सिस्टमच्या मुख्य डिस्कवर) असतेच, आणि ऑटो लेबल (नवे व्हॉल्यूम आपोआप बनवण्याची सोय) चालू असेल तर बॅक्युला खुशाल तिच्यातच नवे व्हॉल्यूम बनवतो. सकाळपर्यंत रूट भरलेलं. डिस्क नंतर माउंट केली की त्या फाइल्स तिच्याखाली झाकल्या जातात आणि जागा कुणी खाल्ली ते दिसत नाही. यावर उपाय सोपा आहे. डिस्क काढलेली असताना रिकाम्या /बॅकअप वर चॅटर +आय लावा, म्हणजे रूट यूजरलाही तिथे लिहिता येत नाही. मग डिस्क माउंट करून तिच्या आत वेगळी डिरेक्टरी करा, मालकी बॅक्युला यूजरला द्या आणि कॉन्फिगमध्ये आर्काइव्ह डिव्हाइसपुढे (व्हॉल्यूम कुठे लिहायचे ती ओळ) तोच मार्ग लिहा. डिस्क नसेल तर तो मार्गच सापडणार नाही आणि जॉब तक्रार करेल. स्टोरेज डीमनच्या (व्हॉल्यूम लिहिणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सिस्टमडी युनिटमध्ये, म्हणजे तो सुरू करणाऱ्या फाइलमध्ये, रिक्वायर्स-माउंट्स-फॉर ही ओळही घाला, म्हणजे डिस्क माउंट झाल्याशिवाय तो सुरू होत नाही.

पॅकेज न घेता सोर्समधून बांधत असाल तर नमुना कॉन्फिगमध्ये आर्काइव्ह डिव्हाइस आणि रिस्टोरची जागा या दोन्ही ठिकाणी /टीएमपी सापडेल. दोन्ही बदला. कित्येक सिस्टमवर /टीएमपी रॅममध्ये असतं, रीबूट झालं की रिकामं.

मालकीचं थोडक्यात: फाइल डीमनला सगळं वाचायचं असतं म्हणून तो रूटने चालतो, डायरेक्टर (जॉब ठरवणारा डीमन) आणि स्टोरेज डीमन बॅक्युला यूजरने. कॉन्फिगमध्ये पासवर्ड उघडे असतात, म्हणून परवानगी ६४० (मालकाला वाचणं-लिहिणं, ग्रुपला फक्त वाचणं, बाकीच्यांना काही नाही), जास्त नको. व्हॉल्यूमचंही तेच, कारण एन्क्रिप्शन नसेल तर व्हॉल्यूम वाचता येणाऱ्याला कंपनीचा सगळा डेटा वाचता येतो.

कॉन्फिग, कॅटलॉगचा डंप आणि बूटस्ट्रॅप फाइल्स (कुठल्या व्हॉल्यूममध्ये काय कुठे आहे ते सांगणाऱ्या) यांची प्रत दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या इमारतीत गेलीच पाहिजे. कॅटलॉग गेला तर बीस्कॅन ही कमांड तो व्हॉल्यूममधून पुन्हा उभा करतो, पण एकेक व्हॉल्यूम वाचत, आणि तोवर कारखान्याचा मालक दारात उभा असतो. बूटस्ट्रॅप हाताशी असेल तर बीएक्स्ट्रॅक्ट या कमांडने कॅटलॉगशिवायही फाइल्स काढता येतात. ऑफिस सराफ बाजार किंवा भांडी बाजारात असेल तर ही प्रत नदीपासून लांब, चढावरच्या भागात ठेवा; २०१६ आणि २०१९ च्या पुरात गोदावरी या बाजारांत शिरली होती. व्हॉल्यूमची एक प्रतही तिथेच फिरती ठेवा.

हे झालं की इन्स्टॉल करा, एक छोटा जॉब चालवा, लगेच वेगळ्या डिरेक्टरीत रिस्टोर घ्या आणि डिफ -आर ने मूळ फाइल्सशी ताडून बघा. कागदाची एक प्रत सर्व्हरच्या रॅकला चिकटवा, दुसरी त्या लांबच्या डिस्कसोबत ठेवा.