सरकारी कामाचा ड्रोन घेताय? आधी झाकण उघडा

इंदुरात जेल रोडला मी ड्रोन दुरुस्त करतो. सर्व्हेचे ठेके घेणारे येतात आणि विचारतात, "भिया, हा स्वदेशीच आहे ना?" डब्यावर तिरंगा छापलेला असतोच. त्यावर जाऊ नका.

तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर 9 फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे, सुटा करून आणला तरी. संरक्षण, सुरक्षा आणि संशोधनाला परवानगीने सूट मिळते. सुट्या भागांना मात्र मोकळीक आहे, आणि पाणी मुरतं ते तिथेच. फेब्रुवारी 2025 मध्ये लष्कराने 400 ड्रोनचे करार रद्द केले, ते चिनी भागांवरूनच.

विक्रेत्याकडून टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलला मिळालेला सरकारी मान्यतेचा दाखला, मागा आणि त्यातलं मॉडेल हातातल्या नगाशी ताडून बघा. "पन्नास टक्के देशी" ऐकून मात्र भुलू नका. ती टक्केवारी किमतीची असते. कोणता भाग कुठला, हे तिच्यातून कळत नाही.

मग विक्रेत्यासमोरच झाकण उघडा, नाहीतर वॉरंटीवरून नंतर वाद होतो. मोटारी आणि पंखे चिनी असले तरी मी फार मनावर घेत नाही, ते बिचारे नुसते फिरतात. बघायचा तो फ्लाइट कंट्रोलर आणि रेडिओचा बोर्ड. ड्रोन कुठे जाणार हे पहिला ठरवतो, हुकूम आणि चित्र दुसऱ्यातून ये-जा करतं. टॉर्च आडवा धरून चिपा बघा. नाव घासून काढलेलं असेल तर चीप मंद दिसते, बारीक समांतर ओरखडे चमकतात. असं दिसलं की नग बाजूला ठेवा आणि विचारा, का घासलं?

आता ड्रोन चालवायचं अ‍ॅप. फोनमधलं सिम काढा, वायफायचं इंटरनेट तोडा आणि अ‍ॅप नव्याने उघडा. लॉगिनशिवाय पुढे सरकतच नसेल, तर उड्डाणाच्या नोंदी आणि फोटो कुठल्या देशातल्या सर्व्हरवर जातात, ते लेखी घ्या. तोंडी "काही जात नाही साहेब" चालायचं नाही. गावठाणाची मोजणी असो की पाण्याच्या टाकीची पाहणी, नकाशा शेवटी सरकारचा आहे.

निविदेत नुसतं "स्वदेशी" असं मोघम लिहू नका. फ्लाइट कंट्रोलर, रेडिओ, कॅमेरा आणि सॉफ्टवेअर कुठलं, याची यादी शपथपत्रासह मागा. माल आला की एक नग उघडून यादीशी ताडा. तो नग तुम्ही निवडायचा, विक्रेत्याने पुढे केलेला घ्यायचा नाही.