प्लेटेस्टला मुलं बोलावताय? आधी जुना सेव्ह पुसा

घरी बनवलेला गेम पहिल्यांदा परक्या हातात द्यायचा असेल, तर बाकी काही राहिलं तरी निभावून नेता येतं. दोन खेळणाऱ्यांच्या मध्ये जुना सेव्ह, म्हणजे आधीचा खेळ कुठवर आला याची साठवलेली नोंद, पुसायचं मात्र राहता कामा नये. मागच्या वेळी आमचं नेमकं हेच राहिलं. आमचा गेम तिहेरी आहे: गावातली शेती, रानातले प्राणी गोळा करणं आणि त्या प्राण्यांच्या कार्डांनी लढणं. पहिला मुलगा खेळून उठला, दुसरी मुलगी बसली, तिने सगळ्यात वर दिसलेलं 'पुढे चालू' दाबलं आणि तिला मिळालं त्याचं नांगरलेलं शेत, त्याचं शेकरू, त्याने जमवलेला डेक, म्हणजे कार्डांचा जुडगा. नंतर बसलेल्या प्रत्येकाचं तेच झालं. रात्री टिपणं ताडून पाहिली तेव्हा लक्षात आलं की गेमची सुरुवात फक्त एकाच मुलाने पाहिली होती, आणि आम्हाला तपासायची होती ती सुरुवातच.

ही चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येत नाही. एखाद्याने गेम एकदा पाहिला की तो पहिल्यांदा पाहणारा उरत नाही. तीच मुलं पुन्हा बोलावली तरी बी कुठे मिळतं, पहिली लढाई कशी जिंकायची हे त्यांना माहीत असतं. नवी मुलं शोधावी लागतात, नव्या आयांना फोन करावे लागतात. म्हणून सेव्ह पुसा.

शेतीच्या गेममध्ये हा धोका जास्तच. 2016 साली आलेल्या स्टारड्यू व्हॅलीपासून बहुतेकांनी एक रीत उचलली आहे: पात्र झोपलं की दिवस संपतो आणि गेम आपोआप सेव्ह होतो. आम्हीही तेच केलं. खेळणाऱ्याला 'सेव्ह करा' असं कुठे दिसतच नाही, त्यामुळे मागे काहीतरी साठतंय हे बाजूला बसलेल्या आपल्यालाही जाणवत नाही. नुसत्या कार्डांच्या गेममध्ये डाव संपला की पाटी बरीचशी कोरी होते. इथे पीक वाढलेलं असतं, प्राणी माणसाळलेला असतो, दुकानदार नावाने हाक मारतो. एका मुलाचं आख्खं गाव दुसऱ्याच्या माथी येतं.

आता पुसायचं कसं ते नीट वाचा, कारण फोल्डर उडवलं की काम झालं असं नसतं. युनिटी या गेम बनवायच्या इंजिनात बनवत असाल तर विंडोजवर सेव्हच्या फायली सहसा अ‍ॅपडेटामधल्या लोकललो फोल्डरात, तुमच्या कंपनीच्या आणि गेमच्या नावाखाली असतात. त्या उडवा. पण 'शिकवणी पाहून झाली' अशी खूण जर तुम्ही प्लेअरप्रेफ्समध्ये (युनिटीची छोट्या नोंदी ठेवायची सोय) ठेवली असेल, तर ती त्या फोल्डरात नसतेच. ती रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, बसलेली असते. म्हणजे शेत कोरं, पण शिकवणी गायब, आणि पोरगं नांगर हातात घेऊन भांबावलेलं. त्यातही एक खोच आहे. युनिटीच्या एडिटरमधून, म्हणजे जिथे गेम बनवतो तिथून, प्लेअरप्रेफ्स पुसले तर ते एडिटरचे पुसले जातात, खेळायला बाहेर काढलेल्या गेमचे, म्हणजे बिल्डचे, तसेच राहतात. रजिस्ट्रीत दोघांची जागा वेगळी आहे. त्यामुळे पुसण्याचं बटण बिल्डमध्येच हवं. आम्ही आता तीन कळा एकदम दाबल्या की सेव्ह आणि प्लेअरप्रेफ्स दोन्ही उडतील अशी सोय केली आहे, आणि ती फक्त चाचणीच्या बिल्डमध्ये ठेवली आहे. गोडो हे दुसरं इंजिन वापरणाऱ्यांनो, तुमचं फोल्डर अ‍ॅपडेटाच्या रोमिंगमध्ये सापडेल, नाव वेगळं ठेवलं नसेल तर.

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावरून बिल्ड देत असाल तर स्टीम क्लाउड बंद करा. तुम्ही इथे फाइल पुसता आणि ते वरून परत आणून ठेवतं. फोनवर खेळवत असाल तर अनइन्स्टॉल करून पुन्हा टाकण्यावर भरवसा ठेवू नका. अँड्रॉइड 6 पासून अ‍ॅपचा डेटा, 25 एमबीपर्यंत, गूगलच्या खात्यावर आपोआप जातो आणि अ‍ॅप परत टाकलं की परतही येऊ शकतो. मॅनिफेस्ट या सेटिंगच्या फायलीत बॅकअप बंद केल्याशिवाय फोन चाचणीला काढूच नका.

आणि पुसून झाल्यावर पाहा. नुसतं पुसून उठू नका. गेम पुन्हा उघडा, पहिल्या पडद्यावर 'नवा खेळ' एवढंच दिसतंय ना, 'पुढे चालू' नाही ना, हे डोळ्यांनी पाहा आणि मगच पुढच्या मुलाला हाक मारा. हे काम एकाच माणसाकडे द्या. 'कोणीतरी करेल' म्हटलं की कोणीच करत नाही.

पुसण्याआधी लॉगची, म्हणजे चालताना गेम स्वतः लिहितो त्या नोंदींच्या फायलीची, प्रत काढा. उलट क्रमाने केलंत तर रडाल. युनिटी लॉगसुद्धा त्याच लोकललोच्या फोल्डरात टाकतं, म्हणजे सगळं फोल्डर निवडून उडवलं की सेव्हबरोबर लॉगही गेला. आणि न उडवताही तो टिकत नाही. चालू खेळाचा एक आणि आधीच्या खेळाचा एक, एवढेच दोन लॉग राहतात, तिसऱ्यांदा गेम उघडला की पहिला गेलाच. तेव्हा गेम बंद, लॉग पेनड्राइव्हवर, मग सेव्ह पुसा, मग पडदा पाहा. हा क्रम कागदावर लिहून लॅपटॉपच्या झाकणाला चिकटवा.

दिवस निवडताना गुरुवार सोडा. पुण्यात महावितरणची देखभालीची कामं बहुधा त्याच दिवशी निघतात. मुलं हवी असतील तर रविवार सकाळ क्लासवाल्यांनी आधीच घेतलेली असते, शनिवारी दुपारनंतर बरं पडतं. पावसाळ्यात घर नदीकाठाजवळ असेल तर संध्याकाळ नको. गणपतीच्या आधीचे कित्येक आठवडे नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. त्यात मूल मोठ्याने काय बोललं ते रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येत नाही, आणि त्याचं बोलणं हीच तर आपली कमाई. पेठेत राहणाऱ्यांनी गणपतीचे दहा दिवस विचारातच घेऊ नयेत. रस्ते बंद असतात, मुलांना आणणार कोण?

एक्स्टेन्शन बोर्ड, चार्जर, माउस. विंडोजचे अपडेट पुढे ढकला. हेडफोन नकोत, आवाज खोलीत येऊ द्या. खायला काहीही द्या, पण तेलकट खाणं खेळून झाल्यावर.

कोणाला बोलवायचं याचा विचार आम्ही फार उशिरा केला, तुम्ही आधी करा. वापरायला सोपं आहे की नाही हे पाहायला पाच जण पुरतात असं वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नीलसन यांनी 2000 साली लिहिलं. पाच जणांत सुमारे 85 टक्के अडचणी दिसतात असा त्यांचा हिशोब. तो वेबसाइटसारख्या गोष्टींसाठी होता आणि पाचही जण एकाच प्रकारचे वापरणारे धरलेले होते. आपल्या गेममध्ये मुळातच तीन प्रकारचे लोक येतात. एक शेतीवाले: त्यांना लढाई नकोच असते, घर सजवायचं असतं, तांदळाशेजारी नाचणी लावून पाहायची असते. दुसरे जमवणारे: एकही प्राणी सुटता कामा नये. तिसरे पत्तेवाले: त्यांना शेत म्हणजे मधला अडथळा वाटतो. सप्टेंबर 2023 मध्ये पीसीवर आलेल्या मूनस्टोन आयलंडमध्येही हे तिन्ही धागे एकत्र आहेत. तो खेळताना आपण स्वतः कुठे रेंगाळतो आणि कुठे घाई करतो ते पाहून ठेवा, आपला प्रकार कळेल. मग आपल्यासारख्यांनाच बोलावू नका. आमच्याकडे सगळे पत्तेवाले आले होते. त्यांनी शेताबद्दल एक शब्द काढला नाही आणि शेत छान जमलंय असं आम्ही धरून चाललो.

एखादी मावशी किंवा काकू जरूर बोलवा, जिने गेम म्हणून फक्त फोनवरचं शेत केलंय. पहिल्या लढाईत ती काय करते ते पाहा. तिला कार्डावरचा आकडा दिसतो का, समोरचा प्राणी पुढच्या फेरीत काय करणार हे कळतं का? 2019 मध्ये पूर्ण रूपात आलेल्या स्ले द स्पायर या कार्डांच्या गेमने शत्रूचा पुढचा बेत त्याच्या डोक्यावरच दाखवला आणि ते किती सोयीचं आहे हे सगळ्यांना पटलं. तुमच्याकडे तसं चिन्ह असेल तर काकूला 'हे काय आहे?' असं विचारू नका. तिची नजर तिकडे आपोआप जाते का तेवढं पाहा.

मुलांची गोष्ट वेगळी. त्यांना प्राणी माहीत असतात. शेकरू राज्यप्राणी आहे हे शाळेत शिकलेलं असतं, भीमाशंकरला जाऊन आलेल्यांनी ते झाडांवर उड्या मारताना पाहिलेलंही असतं. आम्ही शेकरूला बिळातून हल्ला करायचं कार्ड दिलं होतं. एका मुलीने लगेच सांगितलं की ते जमिनीवर क्वचितच उतरतं. बरोबर होतं तिचं. मुलं येण्याआधी तुमच्या प्रत्येक प्राण्याची एवढी माहिती पक्की करा. पहिलाच प्राणी खोटा निघाला की मुलाचा बाकीच्या गेमवरचा विश्वासही जातो.

अठरा वर्षांखालच्या मुलाचं रेकॉर्डिंग करायचं असेल तर आईवडिलांची लेखी परवानगी घ्या. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूलच. चेहरा नकोच, पडदा आणि हात पुरेत. नावाऐवजी क्रमांक लिहा.

मजकूर मराठी असेल तर तो बिल्डमध्ये, त्याच लॅपटॉपवर वाचून घ्या. युनिटीतलं टेक्स्टमेशप्रो, म्हणजे पडद्यावर मजकूर दाखवणारं साधन, देवनागरी नीट जोडत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात. कार्डावर जागा कमी, त्यात असं फुटलेलं अक्षर, मूल वाचायचंच सोडून देतं आणि आपण समजतो की नियम अवघड आहे. मार्च 2023 मध्ये आलेल्या गोडो 4 पासून तिथे हे जोडकाम इंजिनच करतं.

पहिल्या लढाईत कार्डांची पिसणी सगळ्यांना सारखी ठेवा, म्हणजे सीड, ज्या आकड्यावरून पिसणी ठरते तो, ठरवून द्या. नाहीतर एकाला सुरुवातीलाच दोन चांगली कार्डं येतात, दुसऱ्याला एकही नाही, आणि दोघांची टिपणं शेजारी ठेवून काही कळत नाही. सीड ठरवलात तरी जुना सेव्ह राहिला तर सगळं फुकट, कारण डेकच दुसऱ्याचा असतो. सेव्ह पुसा.

वेळेचा हिशोबही आधी करा. स्टारड्यूचा एक दिवस साधारण 14 मिनिटांचा असतो. तुमचाही तेवढाच असेल तर पाऊण तासात तीनच दिवस होतात आणि चार दिवसांनी येणारं पीक कोणाच्याच हाती लागत नाही. कापणी दाखवायची तर मधल्या टप्प्याचा तयार सेव्ह लागतो. तो पेनड्राइव्हवर वेगळ्या नावाने ठेवा, लागेल तेव्हाच आत टाका आणि काम झालं की तोही पुसा. तयार सेव्ह आत राहिला आणि पुढच्या नवख्या मुलासमोर उघडला, तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

कागदी कार्डं जवळ असू द्या. अप्पा बळवंत चौकातून जाड कागद आणा, 63 बाय 88 मिलिमीटरची कापा, बाजारातल्या कार्डांसाठी लोक वापरतात ती प्लास्टिकची पाकिटं त्याला बसतात. गेम बंद पडला तर निदान लढाई टेबलावर खेळून पाहता येते. एखाद्या कार्डाची ताकद जास्त वाटली तर पेनाने आकडा खोडून तिथल्या तिथे बदलता येतो.

मूल खेळत असताना गप्प बसा. अडलं तरी सांगू नका. 'इथे दाब ना' असं तोंडातून गेलं की ती अडचण टिपणातून गेली. 'मनात काय चाललंय ते मोठ्याने बोल' एवढं सुरुवातीला सांगा. आईबाबांना दुसऱ्या खोलीत बसवा, तेही सांगतात. पुढचं मूल आधीच्याचा खेळ पाहत उभं राहणार नाही याचीही काळजी घ्या, नाहीतर सेव्ह पुसूनही उपयोग नाही.

खेळून झाल्यावर 'आवडलं का' विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'कुठे कंटाळा आला' विचारा. प्राण्याचं नाव आठवतंय का विचारा. मग लॉग, मग पुसणं, मग पडदा.

शेवटचं मूल गेल्यावर त्याच रात्री टिपणं टाइप करा, सकाळी अर्धं आठवत नाही. बिल्डची प्रत तारखेसह ठेवा, नाहीतर कोणत्या बिल्डबद्दल कोण बोललं ते कळत नाही. रेकॉर्डिंग पाहून झालं की काढून टाका आणि तसं आईवडिलांना कळवा. मुलांना शक्य तर गेम पूर्ण झाल्यावर एक प्रत द्या, श्रेयनामावलीत नाव हवं का ते घरच्यांनाच विचारून घ्या. दुरुस्त्या एका वेळी एकच करा.