लटकत्या पाट्याचा बोल्ट आवळू नका

पिकअपच्या मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बुश, म्हणजे पाट्याच्या टोकात बसणाऱ्या, आत लोखंडी नळी असलेल्या रबरी पुंगळ्या, पहिल्यांदा एकट्याने बदलले, तेव्हा माझ्या मते सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं झालं होतं. नवे बुश, नवे यू-बोल्ट (पाटा ॲक्सलला बांधणारे) आणि टॉर्क रेंचने (ठरलेला जोर मोजून देणाऱ्या पान्याने) ‘टक्’ म्हणेपर्यंत आवळलेला प्रत्येक नट. चार महिन्यांनी तीच गाडी परत आली. पुढच्या बुशचं रबर आतल्या नळीपासून सुटून त्याच्या चिंध्या झाल्या होत्या. मालक म्हणाला, माल हलका लागला. मी मान डोलावली, कारण मलाही तेच खरं वाटायला हवं होतं.

माल चांगला होता, चूक माझी होती. पण ती कळायला मला आणखी एक गाडी खराब करावी लागली.

या कामात नवीन असाल तर एक गोष्ट आधीच सांगतो. बुश बदलणं अवघड नाही, जुने बुश बाहेर काढणं अवघड आहे. आणि बसवताना जे एकदम सोपं वाटतं, तिथेच फसायला होतं.

लक्षणं थोडक्यात. गिअर टाकताना किंवा ब्रेक मारताना मागून ‘ठक्’ असा एकच आवाज, खड्ड्यात करकर, वळणावर मागचा भाग वेगळाच चालल्यासारखा. खात्री करायची असेल तर पाट्याच्या टोकाची गोल गुंडाळी (इथून पुढे तिला डोळा म्हणतो) आणि हँगर (डोळा ज्यात बसतो तो चॅसीवरचा कंस) यांच्यामध्ये छोटी पहार घालून उचकून बघा. रबर थोडं दबणारच. पण डोळा बोल्टभोवती सैल हलत असेल, किंवा आतली नळी एका बाजूला बसून रबर दुसऱ्या बाजूने बाहेर आलं असेल, तर बुश संपला. बहुतेक गाड्यांत एका बाजूला 3 बुश असतात: पुढच्या डोळ्यात, मागच्या डोळ्यात आणि शॅकल (पाट्याचं मागचं टोक धरणारी झुलती कडी) चॅसीला जोडली जाते तिथे. बदलायचे तर दोन्ही बाजूंचे मिळून 6 बदला. एकच बदलून गाडी सोडणारे मी पाहिलेत. तीच गाडी तीच खडखड घेऊन परत येते, आणि दुसऱ्या वेळी मजुरी मागायला तोंड राहत नाही.

उचलताना लक्षात ठेवा, हँडब्रेक बहुतेक पिकअपमध्ये मागच्या चाकांवरच चालतो. मागची चाकं हवेत गेली की तो नुसता शोभेचा. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओट (चाक घरंगळू नये म्हणून ठोकळा) लावा. चॅसी स्टँडवर, ॲक्सल जॅकवर. जॅकच्या भरवशावर खाली झोपायचं नाही, अगदी दोन मिनिटांसाठीही नाही. पाट्यात साठलेली ताकद बोल्ट निघाल्यावर कुठे जाईल, हे ठरवायला तो जॅक असतो. बोल्टवर भार असेल तर तो ठोकूनही निघत नाही. जॅक किंचित वरखाली करत राहा, एका जागी बोल्ट बोटाने फिरायला लागेल. ती जागा सापडली की मगच तो ठोका. आणि एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी बाजू जागेवर असेल तर ॲक्सल फार सरकत नाही. थोडा सरकतोच, तेव्हा रॅचेट पट्टा लावून ओढला की भोकं जुळतात. ब्रेकच्या होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी पाइपवर) ताण येत नाही ना, तेवढं बघा.

पुढचा बोल्ट आतल्या नळीत गंजून एकजीव झालेला असतो. हे तुमच्या नशिबातच आहे असं समजून आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. नट निघाला म्हणजे बोल्ट सुटला असं नाही. बोल्ट फिरतोय आणि त्याच्याबरोबर नळीही फिरतेय, रबर पिळलं जातंय, असंच बहुतेक वेळा होतं. अशा वेळी दोन तास हातोडा मारण्यापेक्षा डोळा आणि हँगर यांच्या फटीत करवतीचं पातं घालून बोल्ट दोन्हीकडून कापा. नवा बोल्ट तसाही लागणारच आहे. आणखी एक: काही गाड्यांत एका बाजूचा बोल्ट डिझेलच्या टाकीला अडतो. टाकी सैल करून थोडी खाली घ्यावी लागते. बसवताना शक्य असेल तर बोल्ट उलट बाजूने घाला. पुढच्या वेळी खोलणारा, म्हणजे बहुधा तुम्हीच, दुवा देईल.

रबर जाळून काढायची पद्धत आहे. जलद आहे, मी केलीय आणि मला ती आवडत नाही. धूर विषारी असतो, शेजारी ब्रेकचा होज आणि टाकी असते, आणि पाट्याच्या पोलादाला तशी आच देणं मला पटत नाही. पाटा खाली उतरवा, रबर ड्रिलने सोलून काढा. मग बाहेरचं पातळ कवच राहतं. नवीन माणसाला ते डोळ्याचाच भाग वाटतं आणि तो त्यातच नवा बुश ठोकायला लागतो. बारीक कडा दिसली की ओळखा. हॅकसॉचं पातं डोळ्यातून ओवून कवचाला एक चीर द्या आणि छिन्नीने आत वाकवा. चीर डोळ्यापर्यंत जाऊ द्यायची नाही. तिथे पडलेला ओरखडा पुढे तडा होतो.

नवा बुश बसवताना हातोड्यापेक्षा जाड थ्रेडेड रॉड, वॉशर आणि योग्य मापाचा सॉकेट बरा. दाब बाहेरच्या कवचावर यायला हवा, मधल्या नळीवर नाही. रबराला मशीनचं ग्रीस किंवा तेल लावू नका, ते फुगतं. साबणाचं पाणी पुरतं.

आता माझी चूक.

या रबरी बुशमध्ये मधली नळी, रबर आणि बाहेरचं कवच एकमेकांना घट्ट चिकटवलेलं असतं. पाटा वरखाली होताना डोळा बोल्टभोवती फिरतो असं आपल्याला वाटतं. मलाही वाटायचं, बिजागरीसारखं. तसं नसतं. बोल्ट आवळला की मधली नळी हँगरच्या दोन पाळ्यांमध्ये दाबून बसते आणि तिचं फिरणं संपतं. कवच डोळ्यात रुतलेलं, तेही फिरत नाही. मग डोळा फिरतो तो कशावर? रबराच्या पिळावर. बिजागरी असलीच तर ते रबर.

म्हणजे तुम्ही ज्या क्षणी बोल्ट पूर्ण आवळता, त्या क्षणीचा पाट्याचा कोन हा रबराचा ‘शून्य’ होतो. माझ्या वेळी गाडी स्टँडवर होती, ॲक्सल खाली लोंबत होता, आणि त्याच स्थितीत मी टॉर्क पूर्ण केला. गाडी खाली आली, पाटा वजनाने सपाट झाला, आणि रबर पिळलं गेलं. उभ्या गाडीतसुद्धा पिळलेलंच. त्यावर माल, त्यावर खड्डे. सतत पिळून ठेवलेलं फडकं किती दिवस टिकेल? गाडी मागून किंचित उंचही उभी राहिली होती. मी ते पाहिलं होतं आणि ‘नवे बुश, बसतील हळूहळू’ म्हणून सोडून दिलं होतं.

माझे वस्ताद इतकंच म्हणायचे, “खाली घेऊन आवळ.” का, ते कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मला वाटलं, उंचावर जोर लावायला नको म्हणून सांगतात, आणि माझ्या हातात तर टॉर्क रेंच होता. वस्तादांबद्दल आदर आहे, पण कारण न देता शिकवलेली गोष्ट शिकणारा पहिल्या संधीला सोडून देतो. तुम्हाला कोणी शिकवत असेल तर ‘का’ विचारा. शिवी खावी लागली तरी विचारा.

तर करायचं असं. हँगरचे आणि शॅकलचे सगळे बोल्ट घाला, नट टेकेपर्यंतच फिरवा. नळी अजून फिरायला हवी. मग गाडीचं वजन ॲक्सलवर आणा. चाकं जमिनीवर ठेवली तर खाली पाना फिरवायला जागा उरत नाही, म्हणून स्टँड चॅसीखालून काढून ॲक्सलखाली लावा. पाट्याला दोन्ही सारखंच. मागचा भाग दोन-चार वेळा दाबून हलवा, शॅकल आपल्या जागी येईल. मग टॉर्क करा, आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला. गाडी रिकामी हवी की भरलेली, तेही तिथेच बघा.

यू-बोल्ट खोलले असतील तर नवेच घ्या, आवळताना ते ताणलेले असतात. नट आळीपाळीने तिरपे आवळा. त्याआधी सेंटर बोल्टचं (पाट्याची पानं मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टचं) डोकं ॲक्सलच्या भोकात बसलंय का, ते बोट घालून तपासा. नसेल तर ॲक्सल तिरका बसतो.

पॉलियुरेथेनचे दोन तुकड्यांचे बुश घेतले तर हे पिळाचं प्रकरण उरत नाही, कारण ते नळीवर खरंच फिरतात. पण त्यांना सोबत आलेलं ग्रीस भरपूर लागतं. नाहीतर ते करकरतात, आणि रस्त्याचे हादरेही जास्त जाणवतात. जुनं कवच ठेवायचं की काढायचं, हेही सेटप्रमाणे बदलतं, म्हणून पाकिटातला कागद कचऱ्यात टाकू नका. रोज माल वाहणाऱ्या गाडीला मी अजून रबरच घालतो. हे माझं मत, भांडायला हरकत नाही.

पहिल्या वेळी एका बाजूलाच अख्खा दिवस गेला तर घाबरू नका. माझा दीड गेला होता. दुसरी बाजू निम्म्या वेळात होते.

हल्ली मी टॉर्क झाल्यावर नळीच्या तोंडापासून डोळ्याच्या कडेपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढतो. माल भरून एक-दोन फेऱ्या झाल्या की गाडी परत बोलावतो, यू-बोल्टचे नट तपासतो आणि गाडी उभी असताना ती रेघ बघतो. त्या दुसऱ्या गाडीखाली अशी रेघ नव्हती. असती तर ती मोडलेली दिसली असती, आणि रबर फाटायच्या आधी हँगर-शॅकलचे नट सैल करून परत आवळण्यात काम भागलं असतं.