दिवाळीच्या गुच्छासाठी गुलाब निवडताना
रोपवाटिकेत नुसता रंग बघून गुलाब उचलू नका. आधी खालची पानं दोन्ही बाजूंनी बघा. काळे ठिपके असतील तर ते रोप तिथेच राहू द्या. लांब दांड्याची, पुन्हा पुन्हा फुलणारी हायब्रिड टी (दांड्यावर सहसा एकच मोठं फूल येणारा गुलाबाचा प्रकार) घ्या. त्यातला लाल ग्लॅडिएटर हा वाण सहज मिळतो, पण झेंडूशेजारी मला १९७२ सालचा ‘जस्ट जोई’च शोभतो: तांबूस-जर्दाळू रंग, पाकळ्यांच्या कडा चुणीदार, वासही मस्त. गुच्छ भरायला फ्लोरिबंडाचे, म्हणजे एका दांड्यावर बरीच फुलं येणाऱ्या गुलाबाचे, झुपके बरे. छाटणीपासून फुलापर्यंत साधारण ४५ दिवस धरा. पाऊस चालू असेल तर हलकीच छाटणी करा आणि कापलेल्या टोकांना बुरशीनाशकाची पेस्ट लावा. कळीच्या बाहेरच्या पाकळ्या सुटू लागल्या की सकाळीच दांडा तिरका कापून लगेच पाण्यात ठेवा.