रात्री लेकराला भुंकल्यासारखा खोकला लागला तर काय करायचं, अन् होमिओपॅथीच्या गोड गोळ्यांवर काहून थांबायचं नाही

लेकरू संध्याकाळपर्यंत खेळत असतं, नाक वाहतंय थोडं एवढंच, अन् रात्री बारा-एकला एकदम कुत्रं भुंकल्यासारखा खोकला सुरू होतो, आवाज घोगरा होतो, श्वास आत घेताना घशातून कुईं असा आवाज येतो. डॉक्टर याला क्रूप म्हणतात. ६ महिने ते ३ वर्षांच्या पोरांना जास्त होतो, बहुतेक वेळा पॅराइन्फ्लुएन्झा व्हायरसमुळं. छाती भरलेली नसते, आवाजाच्या पेटीखालची श्वासनळी आतून सुजते, अन् लेकराची नळी मुळातच बारीक म्हणून जराशी सूज पण लई जड जाते.

पहिलं काम म्हणजे लेकराला रडू देऊ नका. रडलं की ते जोरात श्वास ओढतं अन् त्रास वाढतो. मांडीवर उभं धरा, ज्याच्याकडं ते शांत बसतं त्याच्याकडंच द्या, आजी असो नाहीतर आत्या, बाकीच्यांनी भोवती गर्दी करू नका. चमचा नाहीतर बोट घालून घसा बघायचा नाही म्हणजे नाही. ते शांत झालं की बनियन वर करा, मोबाईलच्या उजेडात बघा, गळ्याखालची खळगी अन् बरगड्यांच्या मधली जागा प्रत्येक श्वासाला आत ओढली जाते का, अन् न रडता सुद्धा तो कुईं आवाज येतो का. यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही. जमलं तर खोकल्याचा व्हिडिओ काढून ठेवा, दवाखान्यात पोचेपर्यंत खोकला थांबला असेल तर डॉक्टरला तोच कामाला येतो.

नुसता खोकलाच असेल तर गोधडीत गुंडाळून थोडा वेळ अंगणात घेऊन बसा. थंड हवेनं बरं वाटतं, हे फक्त जुन्या बायांचं म्हणणं नाही, स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हात झालेल्या अन् २०२३ ला छापून आलेल्या अभ्यासात सौम्य ते मध्यम क्रूपच्या लेकरांना औषधासोबत बाहेरच्या थंड हवेत अर्धा तास ठेवल्यावर फायदा दिसला. परभणी-नांदेडकडं हिवाळ्यात काही रात्री तशी थंडी पडते की. वाफ मात्र देऊ नका, त्याचा फायदा सिद्ध झालेला नाही अन् उकळत्या पाण्यानं लेकरं भाजतात. खोकल्याचं औषध, अँटिबायोटिक पण इथं कामाचं नाही.

आता होमिओपॅथीचं. क्रूपला आधी ॲकोनाइट, मग स्पॉन्जिया, मग हिपर सल्फ असं सांगितलं जातं, अन् घरोघरी लोक ३० नाहीतर २०० पोटेन्सीची बाटली ठेवतात. ३० पोटेन्सी म्हणजे एकाला शंभर असं ३० वेळा पातळ करणं, अन् बाराव्या-तेराव्या वेळेपर्यंतच मूळ पदार्थाचा एक कण पण उरण्याची शक्यता संपते. गोळीत उरते साखर. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०१५ मध्ये बरेच अभ्यास तपासून सांगितलं की होमिओपॅथी लागू पडते असा भरवशाचा पुरावा कोणत्याच आजारासाठी नाही. मग गुण आला असं काहून वाटतं? कारण क्रूप रात्री वाढतो अन् पहाटे आपोआप उतरतो, बहुतेक पोरं दोन-तीन दिवसांत बरी होतात, गोळी दिली तरी अन् नाही दिली तरी. गोड गोळीनं थेट इजा होईल असं माझं म्हणणं नाही, पण गोळी देऊन तास-दोन तास बघू म्हणत जो वेळ जातो तोच लेकराच्या जिवावर बेततो, अन् आपल्याकडं वाडी-तांड्यावरून तालुक्याला पोचायलाच तेवढा वेळ लागतो.

गावात रात्री दार उघडणारा डॉक्टर बऱ्याचदा बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथी शिकलेलाच असतो, हे मला माहीत आहे. जा त्याच्याकडं, बोटाला ऑक्सिजनचं मशीन लावून घ्या, चिठ्ठी घ्या, पण पुढं निघा. १०८ ला फोन लावा, फुकट आहे. ओठ निळे-काळे पडले, लेकरू सुस्त झालं, पाणी पण गिळत नाही असं असेल तर एक मिनिट पण थांबू नका.

दवाखान्यात डेक्सामेथासोनचा एकच डोस वजनाप्रमाणं देतात, बऱ्याचदा तोंडावाटेच, अन् काही तासांत सूज उतरायला लागते. हे स्टेरॉइड आहे म्हणून घाबरू नका, फक्त मेडिकलमधून आणून स्वतः देऊ नका. त्रास जास्त असेल तर ॲड्रेनालिनची वाफ मशीननं देतात, तिनं लेकरू अर्ध्या तासात खेळायला लागतं अन् घरचे म्हणतात चला आता, पण तिचा असर दोनेक तासांत ओसरतो, म्हणून डॉक्टर थांबा म्हणतील तोवर थांबाच.

काही गोष्टी क्रूपसारख्या दिसतात पण क्रूप नसतात. सर्दी-ताप काही नाही अन् खेळता-खाताना अचानक ठसका लागून श्वास अडकला, तर शेंगदाणा नाहीतर हरभरा श्वासनळीत गेला असेल. जोराचा ताप, तोंडातून लाळ गळतेय, लेकरू पुढं वाकून बसतंय, हे पण वेगळं अन् जास्त धोक्याचं. घशात करडा पापुद्रा अन् मान सुजलेली, तर घटसर्प असू शकतो, म्हणून दीड, अडीच अन् साडेतीन महिन्यांच्या पेंटाव्हॅलंट लसी अन् दीड-दोन वर्षांचा बूस्टर झालाय का ते कार्डावर बघा, राहिला असेल तर आशाताईला सांगून देऊन घ्या.

घरी आल्यावर चुलीचा धूर, बिडी-सिगारेट लेकराजवळ नको, घोट घोट पाणी पाजत राहा. दुसऱ्या रात्री खोकला परत वाढू शकतो, तेव्हा त्याच्याजवळच झोपा, फोन चार्ज ठेवा अन् गाडी कोणाची मिळेल ते दिवसाच विचारून ठेवा.